क्ष-किरणांची चित्रं आणि भौतिकशास्त्रज्ञाचं काम: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स-रे, सीटी आणि गॅमा कॅमेऱ्यांसाठी लागणारे डिटेक्टर, म्हणजे किरणं टिपणारे भाग, बनवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त होऊन देवगड तालुक्यात परतल्यापासून कॉलेजातली व्याख्यानं, लग्नाच्या पंगती आणि व्हॉट्सॲप या तिन्ही वाटांनी तेच ते प्रश्न येत असतात. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराला दुसऱ्याची जोड लागते तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुम्ही एक्स-रे काढायचात का?

नाही. एक्स-रे काढतात टेक्नॉलॉजिस्ट आणि रिपोर्ट लिहितात रेडिओलॉजिस्ट डॉक्टर. मशीनमधून किती किरणं येतात ते तपासणारे आणि कॅन्सरच्या रुग्णाला किरणं कुठून, किती द्यायची याचा हिशेब मांडणारे मेडिकल फिजिसिस्ट असतात. माझं काम या सगळ्यांच्या आधीचं. छातीचा एक्स-रे काढताना तुम्ही ज्या पाटीला छाती टेकवता, त्या पाटीच्या आत काय असावं हे ठरवणं आणि ते करून दाखवणं.

आजच्या पाटीत थॅलियम मिसळलेल्या सीझियम आयोडाइडचा थर असतो. त्यावर एक्स-रे पडला की तो चमकतो. थराखाली सिलिकॉनच्या लाखो बारीक पेशी असतात, त्या चमकेचं विजेत रूपांतर करतात आणि संगणक त्यातून चित्र उभं करतो. रुग्णाला मी नोकरीत कधी हात लावला नाही, आणि नातेवाइकांना हे अजून पटलेलं नाही. रिपोर्टचे फोटो येतच राहतात.

२. एक्स-रे, सीटी, एमआरआय, सोनोग्राफी, पेट: यातल्या कशाकशात किरणोत्सर्ग असतो?

शरीरातल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवू शकतील अशी किरणं एक्स-रे, मॅमोग्राफी, सीटी, अँजिओग्राफी, पेट आणि गॅमा कॅमेऱ्याचे स्कॅन यांत असतात. सोनोग्राफीत ध्वनिलहरी, एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी. या दोन्हींना पुढची उत्तरं लागू नाहीत.

दुसरा फरक त्याहून महत्त्वाचा. एक्स-रे आणि सीटीमध्ये किरणं यंत्रातून येतात. पेट आणि गॅमा स्कॅनमध्ये औषध टोचल्यावर ती रुग्णाच्या शरीरातून बाहेर येतात. म्हणून काळजीही वेगळी (प्रश्न १५).

३. मशीन बंद केल्यावर खोलीत किरणं उरतात का?

नाही. एक्स-रे नळीची वीज तुटली की किरणं त्याच क्षणी थांबतात. भिंतीत, गादीत, रुग्णात काहीही साठत नाही. एक्स-रे काढून आलेल्या माणसाने आंघोळ करायची गरज नाही, आणि हो, हे मला खरंच विचारतात.

४. हे शोध डॉक्टरांनी लावले ना? मग भौतिकशास्त्राचा संबंध कुठे येतो?

सुरुवातीपासून येतो, तोही बऱ्याचदा आडवाटेने. विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत ही किरणं ओळखली, महिन्या-दीड महिन्यात पत्नीच्या हाताचं हाडं दाखवणारं चित्र घेतलं, आणि १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना मिळालं. शोधाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. म्हणूनच पुढच्याच वर्षी जगभरची रुग्णालयं या किरणांचा वापर करू लागली.

मला सीटीची गोष्ट त्याहून आवडते. ॲलन कॉरमॅक केपटाउनमध्ये फिजिक्स शिकवायचे. १९५५ मध्ये तिथल्या ग्रूट स्कूर रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ नोकरी सोडून गेला. किरणोत्सारी पदार्थांवर देखरेखीला कुणीतरी हवं, म्हणून कॉरमॅकना आठवड्यातला दीड दिवस तिकडे जावं लागलं. तिथे त्यांना दिसलं की डॉक्टर किरणांचा हिशेब शरीर सगळीकडे सारखंच आहे असं धरून करतात. आत कुठे किती किरणं शोषली जातात हे बाहेरून मोजून काढता येईल का? त्यांनी ते गणिताने सोडवलं, ॲल्युमिनियम आणि लाकडाच्या नमुन्यावर पडताळलं, आणि १९६३ व १९६४ मध्ये छापलं. फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही. लेखाची प्रत मागणाऱ्यांत स्वित्झर्लंडमधली हिमस्खलनाचा अभ्यास करणारी एक संस्था मात्र होती!

तिकडे इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतले इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांना कॉरमॅकची खबरही नव्हती. त्यांच्या पहिल्या प्रायोगिक यंत्रात गॅमा किरणांचा स्रोत इतका मंद होता की एका चित्राचं मोजमाप संपायला ९ दिवस लागले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळून मिळालं, आणि दोघांतला एकही डॉक्टर नव्हता.

यात आपल्याकडचं एक नाव शाळेत कुणी सांगत नाही. अनेक दिशांनी घेतलेल्या सावल्यांवरून आतला काप पुन्हा उभा करण्याची एक सुटसुटीत आणि झटपट गणिती रीत जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये मांडली. सीटीच्या संगणकशास्त्रात ‘रॅम-लॅक फिल्टर’ म्हणून ती आजही शिकवली जाते. रामचंद्रन हे सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. आपल्या मुलांना गुरू पाठ असतो, शिष्य ऐकूनही माहीत नसतो.

५. माझो झील बी.एस्सी. फिजिक्स करता हा. तेका या लायनीत नोकरी गावतली काय?

गावतली, म्हणजे मिळेल, पण लायनी तीन आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिली रुग्णालयातली. एम.एस्सी. फिजिक्सनंतर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा करायचा. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तो १९६२ पासून चालतो, आणि आता काही विद्यापीठांतही मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहेत. त्यानंतर रेडिओथेरपीच्या रुग्णालयात इंटर्नशिप. मग मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम मिळतं. किरणोपचाराचं यंत्र असलेल्या रुग्णालयाला हा माणूस ठेवणं नियमानेच भाग असतं, त्यामुळे या वाटेने गेलेला मुलगा सहसा रिकामा बसत नाही. मुंबई-पुण्यालाच जायला हवं असंही नाही, आपल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातही कॅन्सरवर किरणोपचार होतात.

दुसरी संशोधनातली. एम.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगनंतर भाभा केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची परीक्षा आणि मुलाखत, मग वर्षभराचं प्रशिक्षण. पुढे सायंटिफिक ऑफिसर म्हणून नेमणूक होते. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे. मुलाखत कठीण असते. पाठांतर तिथे दोन मिनिटांत उघडं पडतं. ‘एक्स-रेला हाड पांढरं का दिसतं?’ असल्या साध्या प्रश्नावरून सुरुवात होते आणि प्रकाशविद्युत परिणामाची खोली निघते.

तिसरी कंपन्यांतली, मुख्यतः बंगळुरू आणि पुण्याकडे. तिथे फिजिक्सबरोबर प्रोग्रॅमिंग पक्कं लागतं, आणि डिटेक्टरवर काम करायचं तर पीएच.डी. उपयोगी पडते.

बी.एस्सी. करतानाच ‘मेडिकल फिजिक्स’ नावाचा कोर्स शोधत फिरू नका. आधी फिजिक्स नीट होऊ दे. रत्नागिरी, सावंतवाडी, कणकवलीतून बी.एस्सी. झालेला मुलगा मुंबईच्या मुलापेक्षा कमी पडतो तो इंग्रजी बोलण्यात, प्रयोगात नाही. आणि इंग्रजी सहा महिन्यांत सुधारतं.

६. बारावीला गणित सोडलंय. आता?

मग भौतिकशास्त्रज्ञ होणं अवघड, हे तोंडावर सांगतो. बायोलॉजीवाल्यांना रेडिओग्राफी आणि इमेजिंग टेक्नॉलॉजीची पदवी खुली आहे. काम प्रतिष्ठेचं आहे आणि प्रत्येक तालुक्याला त्याची गरज आहे.

७. डिटेक्टर बनवणं म्हणजे दिवसभर करायचात काय?

खरं सांगायचं तर निम्मा वेळ काहीच न दिसणारी चित्रं बघण्यात जायचा. किरणं बंद ठेवून काढलेलं चित्र काळं हवं, ते काळं का नाही? कुठल्या पेशी मेल्या, कुठल्या आपोआप उजळतात, तापमान दोन अंशांनी वाढलं की काय बिघडतं? मग एकसारख्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं चित्र काढायचं आणि ते एकसारखं का आलं नाही हे शोधायचं. शेवटी ॲक्रिलिकचे आणि पाण्याचे नमुने, ज्यांना आम्ही फँटम म्हणतो. त्यांत मुद्दाम बारीक भोकं, तारा, ठिपके ठेवलेले असतात. किती बारीक ठिपका किती कमी किरणांत ओळखू येतो, यावर यंत्राची लायकी ठरते.

या सगळ्याच्या मुळाशी एकच भांडण असतं, चित्रातल्या खरखरीशी, ज्याला आम्ही नॉइज म्हणतो. मृगाची पहिली भुरभुर सुरू झाली की अंगणात ओळीने वाट्या मांडून बघा. एका वाटीत तीन थेंब पडतील, शेजारच्या वाटीत सात, आणि पाऊस मात्र दोन्हींवर सारखाच. मुसळधार लागला की सगळ्या वाट्या जवळपास सारख्या भरतात. एक्स-रेचे फोटॉन, म्हणजे किरणांचे सुटे कण, हेही असेच येतात. डिटेक्टरच्या एका पेशीवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील तर आकडा सहज १० ने इकडेतिकडे होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर १०० ने, म्हणजे एकच टक्का. हा निसर्गाचा नियम आहे, कितीही महाग यंत्र आणलं तरी तो चुकत नाही.

म्हणजे खरखर दहापट कमी करायची तर किरणं शंभरपट द्यायला हवीत, आणि ती जाणार कुणाच्या तरी शरीरातून. आमच्या हातात एवढंच असतं की शरीरातून पार होऊन आलेला एकही फोटॉन वाया जाऊ द्यायचा नाही. मी तरुणांना एक गोष्ट घोकून घोकून सांगायचो. सुंदर चित्र काढणं हे आपलं काम नाही. डॉक्टरच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल इतपतच चित्र, कमीत कमी किरणांत, हे आपलं काम. नवीन मुलांना हे पचायला वर्षं लागतात. सुंदर चित्राचा मोह फार वाईट, आणि यंत्र विकणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो.

उरलेला वेळ कागदपत्रं. चाचण्या, पुन्हा चाचण्या, वीजसुरक्षा, मान्यता. प्रयोगशाळेत चाललेली वस्तू रुग्णालयात पोचायला दहा वर्षंही लागतात. घाई असणाऱ्याने मोबाइलचे ॲप बनवावेत.

८. इतकी वर्षं किरणांत काढलीत, काही झालं नाही?

किरणांत नाही, किरणांच्या शेजारी. काम शिशाच्या भिंतीपलीकडून चालतं. छातीवर टीएलडी बॅज असतो. त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. त्या मिळालेली किरणं धरून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की त्या प्रमाणात चमकतात. दर तीन महिन्यांनी बॅज तपासणीला जातो. भारतात किरणांशी काम करणाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांचं, म्हणजे डोसचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसासाठी, तपासण्या वगळून, वर्षाला १.

स्रोतापासून दुप्पट अंतरावर उभं राहिलं की किरणं चौथाईवर येतात. बारावीच्या पुस्तकातला हा नियम आयुष्यभर कामाला आला. छोट्या दवाखान्यांत बॅज खुंटीला टांगलेला दिसतो तेव्हा मात्र राग येतो. तो भिंतीचा डोस मोजत असतो, माणसाचा नाही. गरोदर कर्मचाऱ्यांबद्दल प्रश्न १३ पाहा.

९. कोकणात मशीन लवकर बिघडतं असं इंजिनिअर सांगतात. खरं की बिल वाढवायचा बहाणा?

खरं आहे, आणि हे जितकं बोललं जावं तितकं बोललं जात नाही.

गॅमा कॅमेऱ्यात थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक असतो. हा मिठाच्याच कुळातला पदार्थ. हवेतलं पाणी ओढून घेतो, पिवळा पडतो, आणि मग त्यातून प्रकाश नीट बाहेर येत नाही. म्हणून तो ॲल्युमिनियमच्या डब्यात काचेमागे हवाबंद केलेला असतो. सील जरा कुठे सुटलं आणि बाहेर आषाढ असला, की संपलं. शिवाय तापमान झटकन बदललं तर हा स्फटिक तडकतो. रात्री वीजबिल वाचवायला एसी बंद करायचा आणि सकाळी रुग्ण आल्यावर जोरात लावायचा, यापेक्षा वाईट सवय नाही. गार पडलेल्या यंत्रावर दमट हवा आली की दव धरतं, तेही उच्च दाबाच्या विजेच्या जोडांवर. मग ठिणग्या, आणि मग तो इंजिनिअर.

सीझियम आयोडाइड ओल कमी पकडतं, बिस्मथ जर्मेनेट तर जवळजवळ नाहीच. म्हणून किनाऱ्यासाठी यंत्र निवडताना स्फटिक कुठला आहे हे विचारावं. सर्किट बोर्डांवर संरक्षक लेप आहे का, हेही. खारा वारा तांब्याला सोडत नाही, मग ते वेंगुर्ल्यातलं असो की हर्णैचं.

अर्थिंगचं दुखणं वेगळं. सड्यावर बांधलेल्या रुग्णालयाखाली जांभा असतो, आणि उन्हाळ्यात कोरडा पडलेला जांभा विजेला वाट देत नाही. मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या विजा पडायला लागतात, नेमकी तेव्हा अर्थिंग सर्वांत वाईट अवस्थेत असते. अर्थिंगची तपासणी पावसाळ्यात करून ‘उत्तम’ असा शेरा घेणं निरर्थक आहे. ती एप्रिल-मेमध्ये करा.

दिवसरात्र चालणारा डीह्युमिडिफायर, चांगला यूपीएस, उन्हाळ्यात तपासलेली अर्थिंग: यावरचा खर्च नवी नळी किंवा नवा स्फटिक घेण्यापेक्षा कितीतरी कमी.

१०. आता फिल्म गेली, डिजिटल आलं. म्हणजे किरणं आपोआप कमी झाली ना?

आपोआप नाही, आणि इथे भलेभले फसतात. फिल्मवर किरणं जास्त पडली तर ती काळीकुट्ट व्हायची, चूक लगेच दिसायची. डिजिटल पाटीत संगणक उजेड-अंधार जुळवून घेतो. किरणं कमी पडली तर चित्र खरखरीत दिसतं आणि डॉक्टर तक्रार करतात. जास्त पडली तर चित्र आणखी गुळगुळीत येतं आणि सगळे खूष. त्यामुळे टेक्नॉलॉजिस्टचा हात हळूहळू वर सरकत जातो, वाईट हेतूने नव्हे, तर ओरडा टाळायला. कारण प्रश्न ७ मधल्या वाट्यांचंच.

उपाय आहे. प्रत्येक डिजिटल चित्रासोबत पाटीवर किती किरणं पोचली याचा निर्देशांक येतो. तो रोज बघणारा माणूस विभागात असेल तर डिजिटलमध्ये डोस खरोखर कमी होतो. नसेल तर उलट होतं. यंत्र खरेदीच्या समारंभाला नारळ फोडणाऱ्यांनी हा आकडा कोण बघणार एवढं त्याच दिवशी ठरवावं.

११. एका सीटीत किती एक्स-रे असतात? डॉक्टरांनी सांगितलेला सीटी नाकारू का?

छातीच्या एका एक्स-रेत ०.१ मिलिसिव्हर्टच्या आतबाहेर डोस मिळतो, छातीच्या सीटीत साधारण ५ ते ७. यंत्र आणि रुग्णाच्या आकारमानाप्रमाणे यात बराच फरक पडतो. तुलनेसाठी, जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणांचं जागतिक सरासरी प्रमाण वर्षाला २.४ आहे. म्हणजे सीटी पन्नासएक एक्स-रेंच्या बरोबरीचा, आणि दोन-तीन वर्षांच्या नैसर्गिक किरणांएवढा. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिलं ऐकून माणूस घाबरतो, दुसरं ऐकून निवांत होतो.

डोक्याला मार लागलाय, पोटात असह्य दुखतंय, कॅन्सरचा टप्पा ठरवायचाय, अशा वेळी नाकारू नका. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ‘या सीटीमुळे उपचारात काय बदलणार?’ आणि मागच्या महिन्यात दुसरीकडे काढलेल्या सीटीची सीडी सोबत न्या. सीडी घरी राहिली म्हणून पुन्हा काढलेला सीटी, यासारखा फुकटचा डोस नाही. लहान मुलांच्या बाबतीत सोनोग्राफीने भागेल का हे आधी विचारा.

१२. पूर्वी एक्स-रे काढताना कमरेवर शिशाचं झाकण घालायचे. आता घालत नाहीत. हा निष्काळजीपणा का?

बहुतेक वेळा नाही. आजची यंत्रं पुरेशी किरणं पोचली की आपोआप थांबतात. मोजणाऱ्या भागावर शिसं आलं तर यंत्राला वाटतं किरणं कमी पडताहेत, आणि ते जास्त सोडतं. शिवाय शरीरातल्या शरीरात विखुरणारी किरणं बाहेरच्या झाकणाने अडत नाहीत. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने २०१९ मध्ये रुग्णाला सरसकट असं झाकणं थांबवायची शिफारस केली. रुग्णाला धरून उभ्या राहणाऱ्या नातेवाइकाने मात्र ॲप्रन घालायलाच हवा.

१३. एक्स-रे काढला आणि नंतर कळलं की दिवस गेले होते. गर्भ पाडावा का?

या एका प्रश्नासाठी लोक रात्री अकरालाही फोन करतात. नाही, तेवढ्या कारणासाठी नाही. छाती, हात, पाय, दात यांच्या एक्स-रेत गर्भापर्यंत पोचणारा डोस नगण्य असतो. आंतरराष्ट्रीय किरणसुरक्षा आयोगाने स्पष्ट म्हटलंय की गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा (मिलिग्रे हेही शोषलेल्या किरणांचं माप) कमी डोस मिळाला असेल तर तो गर्भपाताचं कारण मानू नये. एखाद्-दुसऱ्या साध्या तपासणीत एवढा डोस होत नाही. पोटाचा सीटी, वारंवार झालेल्या तपासण्या किंवा किरणोपचार असेल तर अंदाज नका करू. रुग्णालयाकडून मेडिकल फिजिसिस्टचा लेखी हिशेब मागा आणि तो स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा.

किरणविभागात काम करणाऱ्या बाईने दिवस गेल्याचं लगेच कळवावं. त्यानंतर बाळंतपणापर्यंत गर्भासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्ट असते. नोकरी सोडायची गरज नाही, कामाची जागा बदलता येते.

१४. पेट स्कॅनसाठी इतकं लांब का जावं लागतं? यंत्र इथे आणता येत नाही का?

यंत्र आणता येईल. अडचण औषधाची. पेटमध्ये बहुतेक वेळा किरणोत्सारी फ्लोरीन-१८ जोडलेली साखर टोचतात. फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. ते सायक्लोट्रॉन नावाच्या, कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात बनतं. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये सुरू झाला. आता समजा मुंबईहून पहाटे माल निघाला आणि मुंबई-गोवा महामार्गाने सावंतवाडीला नऊ-साडेनऊ तासांनी पोचला. तेवढ्यात तो पाचदा निम्मा झाला, म्हणजे ३२ भागांतला एक उरला. महामार्गाचं काम पूर्ण होईल तेव्हा हिशेब सुधारेल, असं मी काही वर्षं व्याख्यानांत म्हणतोय.

गॅमा कॅमेऱ्याचं गणित सोपं. त्याला लागणारं टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मं होतं, पण त्याचं मूळ असलेलं मॉलिब्डेनम-९९ निम्मं व्हायला ६६ तास घेतं. मॉलिब्डेनमचा जनरेटर आठवड्याला एकदा मागवायचा आणि रोज सकाळी त्यातून ताजं टेक्नेशियम काढून घ्यायचं. त्यामुळे हाडांचा किंवा थायरॉइडचा स्कॅन लहान शहरातही होऊ शकतो. जिल्ह्यासाठी मागणी करायचीच तर आधी याची करावी, असं माझं मत.

१५. बोन स्कॅन करून आई घरी आली. नातवाला जवळ घेतलं तर चालेल का?

त्या दिवशी मांडीवर तासन्‌तास नको, दुसऱ्या दिवसापासून खुशाल. टेक्नेशियम २४ तासांत सोळाव्या हिश्शावर येतं, शिवाय लघवीतून बाहेर पडतं. भरपूर पाणी प्यायचं आणि संडासात दोनदा पाणी सोडायचं. फ्लोरीन त्याहून लवकर जातं. मुंबईला सकाळी पेट झालेला माणूस रात्रीच्या कोकणकन्येत बसेपर्यंत त्यातलं फारच थोडं उरलेलं असतं. शेजारच्या प्रवाशाला काही होत नाही.

अपवाद दोन. अंगावर पाजणाऱ्या आईने स्कॅनच्या आधीच तसं सांगावं, दूध किती वेळ बंद ठेवायचं हे औषधावर ठरतं. आणि थायरॉइडच्या कॅन्सरसाठी आयोडीन-१३१ दिलं असेल तर ही तपासणी नव्हे, उपचार आहे. ते निम्मं व्हायला आठ दिवस लागतात. तिथे रुग्णालयाने दिलेला कागद अक्षरशः पाळायचा, माझं हे उत्तर नव्हे.

१६. आमच्या किनाऱ्यावरची काळी वाळू किरणोत्सारी आहे म्हणतात.

तुम्ही केरळची बातमी वाचली असेल. तिकडे चवऱ्याच्या वाळूत मोनाझाइट असतं आणि मोनाझाइटमध्ये थोरियम. रत्नागिरीच्या काळबादेवी वगैरे भागातली काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइटची, म्हणजे लोह आणि टायटॅनियमची. ती आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातून झिजून आलेली आहे, आणि बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम मुळातच कमी. पोरांना खेळू द्या.

१७. जैतापूरबद्दल तुमचं मत काय?

या पानावर नाही. माडबनच्या अणुवीज प्रकल्पाचे प्रश्न जमिनीचे, मासेमारीचे, सुरक्षेचे आणि खर्चाचे आहेत. एक्स-रे नळीत ना इंधन असतं ना कचरा. मात्र प्रकल्पाच्या भीतीने आजीचा छातीचा एक्स-रे पुढे ढकलणारी घरं मी पाहिली आहेत, म्हणून एवढं लिहिलं.

१८. एआय आणि नव्या यंत्रांमुळे हे काम संपेल का?

क्षयरोगाच्या शिबिरांत आता हातात मावणारी एक्स-रे यंत्रं येतात आणि संगणक संशयित चित्रं बाजूला काढतो. चांगली गोष्ट आहे. खाडीपलीकडच्या वाडीतल्या म्हाताऱ्याला होडीत बसवून तालुक्याला आणावं लागत नाही. पण या यंत्राभोवती भिंत नसते, म्हणून ते चालवताना अंतर, ॲप्रन आणि बॅज यांत ढिलाई चालत नाही (प्रश्न ८).

डिटेक्टरमध्ये मोठी उडी फोटॉन मोजणाऱ्या सीटीची. जुना सीटी चमकेची एकूण बेरीज घेतो. नव्यात कॅडमियम टेल्युराइडवर पडणारा प्रत्येक फोटॉन वेगळा मोजला जातो, त्याच्या ऊर्जेसकट. त्यामुळे विजेची स्वतःची खरखर गाळता येते, आणि कॅल्शियम कुठलं, टोचलेलं आयोडीन कुठलं हे वेगळं दिसतं. मूळ कल्पना कणभौतिकीतली, जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेच्या मेडिपिक्स प्रकल्पातून ती बरीच पुढे आली. २०२१ मध्ये अमेरिकेत अशा पहिल्या पूर्ण शरीराच्या यंत्राला मान्यता मिळाली. काम संपेल कसलं, उलट असे स्फटिक निर्दोष वाढवता येणारी माणसं जगातच थोडी आहेत. संगणक खरखर पुसून चित्र गुळगुळीत करतो तेव्हा त्याने बारीक गाठही पुसली नाही ना, हे तपासायलाही कुणीतरी फँटम घेऊन बसायला हवंच.

१९. शिकून पुन्हा कोकणात राहून हे काम करता येईल का?

डिटेक्टर बनवायचं नाही. त्याला धूळरहित खोल्या आणि महागडी यंत्रं लागतात. चित्र उभं करण्याचं गणित आणि सॉफ्टवेअर करता येईल, त्याला बरं इंटरनेट पुरतं.

सगळ्यांत दुर्लक्षित काम मात्र इथेच पडून आहे. प्रत्येक एक्स-रे यंत्राला १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीतून मिळतो, आणि दर दोन वर्षांनी यंत्राची गुणवत्ता तपासणी व्हावी लागते. दापोलीपासून दोडामार्गापर्यंतचे दवाखाने, दंतवैद्य, सीटी सेंटरं मोजा. तपासणारा माणूस बहुतेक वेळा मुंबई, पुणे किंवा कोल्हापुरातून येतो, एका फेरीत सगळं उरकतो आणि जातो. शिकून-सवरून, मंडळाची मान्यता घेऊन हे काम इथे राहून करणाऱ्या दोघातिघांना पुरेल एवढं ते आहे. पात्रतेच्या अटी मंडळाच्या संकेतस्थळावर आहेत. त्या वाचून काही अडलं तर मला विचारा, पण रिपोर्टचे फोटो पाठवू नका.